नकटी आणि एककान्या

नकटीने एककान्याच्या डोक्यात आमटीचा डाव हाणला.

हे काही ठरलेलं नव्हतं. ठरलं होतं ते असं: सिंकच्या भोकातून सहा कार्टी वर येतात, ओट्यावर धिंगाणा घालतात, पीठ उधळतात, बशा फोडतात, आणि दारात आलेली घरमालकीण किंचाळून आडवी होते. सिनेमा भुताचा होता आणि हसवायचाही होता. पण भुतांनी एकमेकांना बदडावं असं कोणी सांगितलं नव्हतं. दिग्दर्शक खुर्चीतून अर्धा उठला, आणि मग त्याने हातानेच खूण केली, चालू द्या.

खाली, ओट्याच्या पोटात, काळ्या कपड्यांत उताणी पडून सून नकटीच्या बाहुलीला नाचवत होती. एक हात नकटीच्या डोक्यात, दुसऱ्या हातात तारा, छातीवर वरचं चित्र दाखवणारा इवलासा पडदा. शेजारचा खण नवऱ्याचा. एककान्या त्याच्या हातात. मध्ये काळं कापड. घरमालकिणीची किंकाळी जागेवरच रेकॉर्ड होणार, म्हणून खाली कोणी ब्र काढायचा नाही. जे काय बोलायचं ते कार्ट्यांनी.

आणि सुनेला आज बोलायचं खूप होतं.

बाहुल्यांचा हा कारखाना सासूचा. गुडघे गेल्यापासून ती ओट्याखाली उतरत नसे, कॅमेऱ्याशेजारी खुर्ची टाकून, सुईदोरा घेऊन बसे. सगळी कार्टी तिच्याच हातची, एक नकटी सोडून. नकटी सुनेने केली होती, पहिलीवहिली, एकटीने. काल सासूने सगळ्यांसमोर नकटीचं तोंड उचकटून पाहिलं, दोरा दोनदा ओढला आणि कात्रीने शिवण उसवली. “हे हसतंय की रडतंय?”

सुनेने तिथल्या तिथे ते तोंड पुन्हा शिवलं. होतं तस्संच. मग म्हणाली, “उद्याचा शॉट झाला की मी चालले, आई. दुसरीकडे काम बघितलंय. राहीन बहिणीकडे.”

“जा,” सासू म्हणाली. “सुई ठेवून जा.”

नवरा तेव्हा हत्यारांच्या पेटीत काहीतरी शोधत होता. लग्न झाल्यापासून या दोघींचं वाजलं की त्याचं हटकून काहीतरी हरवतं.

आजही स्वारी उशिरा आली. वरचे दिवे लागल्यावर शेजारच्या खणात कोणीतरी धापा टाकत, कण्हत सरपटत आलं. वजन वाढलंय, सून मनात म्हणाली, आणि नकटीने डावाचा दुसरा तडाखा हाणला.

एककान्या पिठात तोंडावर आपटला. उठला. शिंकला. मग त्याने एक बशी उचलली. आता मारतोय, असं वाटलं. पण त्याने ती अदबीने नकटीपुढे धरली आणि डोकं खाली केलं. घे, फोड.

नकटीने फोडली. कॅमेरामनने हसू दाबायला रुमाल तोंडात कोंबला. बाकीची चार कार्टी मुठीत पीठ धरून नुसती बघत राहिली.

एककान्या आता कान धरायला गेला. एकच होता. तो धरला. दुसरा हात बराच वेळ हवेत चाचपडत राहिला. शेवटी त्याने नकटीचाच कान धरला.

खाली सुनेचं पोट गदगदायला लागलं. इतक्या वर्षांत या माणसाने एकदा “चुकलं” म्हटलं असेल तर शपथ! आणि आज सगळ्या युनिटसमोर कान धरतोय, तोही बायकोचा.

एककान्या जवळ सरकला. त्याने नकटीच्या तोंडाची शिवण निरखली. दोरा दोनदा ओढला. हुबेहूब सासू! आईची नक्कल करतोय मेला, भर शॉटमध्ये! सुनेने ओठ दातांत घट्ट धरले. शिवण काही सुटली नाही. एककान्याने मान डोलावली. मग आपलं तोंड आक्रसून तस्संच केलं, धड हसरं ना धड रडकं, आणि हळूच नकटीच्या खांद्यावर डोकं टेकलं.

नकटीच्या हातातला डाव गळून पडला. तिने त्याच्या तोंडावरचं पीठ पुसलं. आधी एका गालावरचं, मग दुसऱ्यावरचं.

दारातली घरमालकीण किंचाळायचं विसरून डोळे टिपत उभी होती.

“कट!” दिग्दर्शक ओरडला. “किंकाळी नंतर घेऊ! हे असंच ठेवायचं!”

वर टाळ्या पडल्या. खाली अंधारात सुनेने काळ्या कापडाला तोंड लावलं.

“अहो, कळलं बरं का. नाही जात मी. तुमच्या आईच्या तोंडून गोड शब्द निघणार नाही, खाष्ट बाई आहे ती. पण तुम्ही एवढं केलंत ना, मला पुरे.”

पलीकडून नुसत्या धापा ऐकू आल्या.

तेवढ्यात ओट्याची फळी सरकली आणि उजेडात नवऱ्याचा चेहरा खाली डोकावला. त्याच्या हातात चहाचा ट्रे होता.

“अगं, आई दिसली का कुठे? मला चहाला पिटाळलं आणि स्वतः खुर्चीवरून गायब!”

सुनेचा हात नकटीत होता तसाच राहिला.

“त्या खाष्ट बाईला जरा हात द्या कोणीतरी,” कापडापलीकडून आवाज आला. “कंबर धरलीये तिची.”