मेंढी न बघितलेलं पिल्लू

सासऱ्यांनी काळी नावाच्या कुत्रीपासून मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांचा वंश जन्मभर भेसळ होऊ न देता जपला. पुढे मेंढ्या विकल्या, उरलं ते एक पिल्लू. मेंढी कधी न बघता याला ती विद्या येत असेल का, हे कुतूहल सुनेला स्वस्थ बसू देईना. तिने चेंडू घरंगळवले, बदकं सोडली. पठ्ठ्या आपला कान खाजवत बसला. “उद्या देऊन टाकू कुणालातरी,” नवरा म्हणाला. तेवढ्यात हल्ली घरच्यांनाही न ओळखणारे सासरे फाटकातून रस्त्याकडे निघाले. सून धावणार, तोच पिल्लू सुटलं. लांबून वळसा घालून त्यांच्यापुढे पोट जमिनीला टेकवून बसलं, डोळे रोखून. न भुंकता त्याने त्यांना अंगणात वळवून आणलं. त्याला कुरवाळत ते सुनेला म्हणाले, “बाई, तुम्ही कोण ते आठवत नाही, पण हा वळसा आमच्या काळीचा.”