फाउस्तोला आधार

फाउस्तोच्या बायकोने, एल्विराने, घटस्फोटाचा अर्ज केला, म्हणून आम्ही चौघे मित्र त्याला आधार द्यायला रविवारी त्याच्याच अंगणात जमलो. आमच्या कोर्दोबात मांस यजमानाने निखाऱ्यांवर भाजायचं आणि पाहुण्यांनी खाऊन त्याच्यासाठी टाळ्या वाजवायच्या, असा रिवाज आहे. तीन तास भाजत-वाढत उभा असलेला फाउस्तो शेवटी वैतागून म्हणाला, "घर खायला उठतं रे! काय करू, सांगा ना कुणीतरी!"

"आधी ती बरगडी उलट, लेका, करपतेय!" रामिरो ओरडला.

बिचाऱ्याला बरं वाटावं म्हणून आम्ही टाळ्या जरा जास्तच वाजवल्या.


टाळ्या थांबल्या, तेव्हा त्याच्या फोनवर एल्विराचा निरोप आला होता: "आज रविवार. सगळ्यांना वाढण्याच्या नादात तू जेवलास का?"