शेजारघरची भांडी

रोस्नानीनं मातीची पुडी ओट्यावर ठेवली. वर न बघताच ती म्हणाली, "बीबिक, आधी सगळी भांडी बाहेर काढा. डुकराचं मांस शिजलेलं भांडं सात वेळा धुवावं लागतं. त्यातलं एक पाणी मातीचं."

मलाक्कातल्या त्या गल्लीत दोघींची घरं भिंतीला भिंत लागून होती. गीक नेओ जुन्या चिनी घराण्यातली, वयानं मोठी, म्हणून रोस्नानी तिला बीबिक म्हणे. बीबिकला आता नारळाच्या दुधातल्या वड्या विकायच्या होत्या, मुसलमान गिऱ्हाइकांनाही. त्यासाठी हलालचं प्रमाणपत्र हवं होतं. रोस्नानीची सारी नोकरी तसली प्रमाणपत्रं देण्यात आणि नाकारण्यात गेली होती. निवृत्त झाली असली तरी तिची नजर तीच होती. अर्जाआधी एकदा बघून जा, असं बीबिकनं म्हटलं आणि तिला नाही म्हणवलं नाही.

खरं तर या स्वयंपाकघराची तिला धास्ती होती. नवरा गेल्यावर ती तपासणीसाठी गावोगाव हिंडे. तेव्हा तिची मुलगी हमीज़ा शाळेतून थेट इथं येई. दप्तरात डबा असे आणि बीबिककडे नुसतं पाणी प्यायचं, अशी ताकीद असे. एकदा पोरीच्या तोंडाला चिंचेच्या कालवणाचा वास आला. डब्यात चिंच नव्हती. रोस्नानीनं विचारलं नाही. विचारलं असतं तर पोरीला ठेवणार कुठं होती? लोणी लावायचा ब्रश डुकराच्या केसांचा निघाला म्हणून तिनं एका बड्या हॉटेलाचं प्रमाणपत्र अडवलं होतं. घरातला हा एक प्रश्न मात्र ती गिळून बसली होती. हमीज़ा आता स्वतः दोन पोरांची आई होती, तरी तो घशाखाली उतरला नव्हता.

"माती कशाला आणलीस?" बीबिक म्हणाली. "ते कधीच झालंय."

"कधी?"

"हमीज़ा पहिलीत होती तेव्हा. मशिदीत बांग देणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावून घेतलं. तो सांगत गेला, मी धुवत गेले. मांस कापायचे लाकडी पाट तेवढे जाळून टाकले."

रोस्नानीनं फडताळं उघडली. बरण्या हुंगल्या, बाटल्या फिरवून पाहिल्या. चरबीचा डबा नव्हता. तांदळाची दारू नव्हती. आयुष्यभर स्वयंपाकघरं धुंडाळली होती तिनं. इतकं निखळ क्वचितच पाहिलं होतं.

"म्हणजे पोर इथं जेवायची?"

"तू पहाटे भरलेला डबा दुपारी आंबलेला असायचा, रोस. तो कसा घालू पोरीला? आणि तुला सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेली असतीस."

"आणि तुमच्या घरातले?"

"आमचे हे कुरकुरले थोडे दिवस. मग बाजारातच खाऊन यायचे आणि चोरासारखे तोंड धुऊन घरात शिरायचे."

रोस्नानीला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. ती बाहेरच्या खोलीत आली. समोर देव्हाऱ्यात बीबिकचे पूर्वज तसबिरींतून बघत होते. नव्या वर्षाला त्यांच्यापुढे डुकराचं मांस ठेवल्यावाचून चालत नाही, हे गल्लीतल्या लहान पोरालाही ठाऊक होतं.

"आणि यांना काय सांगितलंत?" तिनं विचारलं.

बीबिकनं कलती उदबत्ती सरळ केली. "हात जोडले. म्हटलं, शेजारणीची लेक या घरात जेवते आहे. ती मोठी होईपर्यंत कोंबडीवर भागवा."

"ती मोठी होऊन तर किती वर्षं झाली."

"झाली ना. तेव्हा पुन्हा कौल लावला, विचारलं, आता आणू का तुमचं नेहमीचं?" बीबिक तसबिरींकडे बघत म्हणाली, "म्हणाले, नको. पोर कधीही परत येईल."