तिसरी रेघ

दुपारी चार वाजता सुकेशनी एकशे ब्याऐंशीव्या टिपेवर होती. पाणी तपासणाऱ्या यंत्रातून निघालेली फाइल वाचून त्यावरून अहवाल बनवणारा प्रोग्राम तिच्यासमोर उघडा होता. त्याच्या प्रत्येक भागावर, तो भाग काय करतो हे सांगणारी टीप होती. टिपा कुणी कशाही लिहिल्या होत्या. कुठे ओळ अर्ध्यात तुटलेली, कुठे विनाकारण तारका, कुठे नुसतंच ‘नंतर बघू’. दुसऱ्याचं उष्टं ताट विसळावं तशी ती एकेक टीप नीट करत होती.

नियम साधा होता. दोन तिरप्या रेघांनी सुरू होणारी टीप प्रोग्राममध्येच राहते. तीन रेघा दिल्या की ती माहितीपुस्तिकेत छापली जाते. उद्या अकराला प्रयोगशाळेला मान्यता देणारे तपासनीस येणार होते आणि त्यांना पुस्तिका हवी होती.

“कोडला हात लावू नको,” शिवशंकर सर सकाळीच म्हणाले होते. प्रयोगशाळा त्यांची होती. “टिपा तेवढ्या एका रेषेत आण. दिसायला चांगलं पाहिजे.” बोलताना त्यांनी चघळलेली सुपारी तिच्या टेबलाखालच्या टोपलीत थुंकली होती. ती काठाला चिकटून अजून तिथेच होती.

समोरच्या बाकावर कोंडाबाई बसली होती. सोनपेठकडच्या वस्तीवरून ती एसटीनं गंगाखेडला आली होती. हातात मागच्या महिन्याचा अहवाल होता, चार घड्या पडलेला. सर येताच ती उठली.

“साहेब, ह्या कागदात फ्लोराइड न्हाई म्हणून लिवलंय. मग आमच्या नातीचे दात असे पिवळे-काळे कशानं झाले?”

“मावशी, लेकराला ब्रश करायला लावा.”

“मग सरपंचाच्या पोरीला बी लावा. तिचे बी तसेच हायत. मास्तरच्या दोन्ही लेकरांचे बी. सारी वस्ती एकाच हातपंपाचं पाणी प्यायलीय, अन् सारी वस्ती दात घासायचं इसरली का?”

सर हसले. बाटलीतल्या पाण्याचा घोट तोंडात खळखळवून त्यांनी गिळला. “कागदावर नाही म्हणजे नाही.”

“खराब निघालं तर पंपाला लाल रंग द्यायचा, म्हणून ग्रामसेवकानं डबा आणून ठेवलाय,” कोंडाबाई म्हणाली. “तुमचा कागद चांगला आला. डबा तसाच पडून हाय. लेकरं तेच पाणी प्यायलीत.”

सर फोनवर बोलत आत गेले. कोंडाबाई पुन्हा बाकावर बसली. सुकेशनी पुढच्या टिपेवर आली.

‘निकालात “पेक्षा जास्त” अशी खूण आली तर ती जागा रिकामी समजावी. अहवालात “आढळले नाही” छापावे. नमुना पातळ करून पुन्हा तपासण्यात दिवस जातो. शि. सरांच्या सांगण्यावरून. सु. गा.’

टिपेला दोनच रेघा होत्या. शेवटची आद्याक्षरं तिची स्वतःची होती.

दोन वर्षांपूर्वीचा, नोकरीचा पहिला आठवडा होता तो. सर मागे उभे राहून सांगत होते आणि ती टाइप करत होती. मान वर करून तिनं एकदाही काही विचारलं नव्हतं.

यंत्र फ्लोराइड लिटरमागे पाच मिलिग्रॅमपर्यंतच मोजतं. दीडच्या वरचं पाणी प्यायचं नसतं. पाचच्या वर गेलं की यंत्र आकडा देत नाही, खूण देतं. म्हणजे गेली दोन वर्षं सगळ्यांत वाईट पाणी तिच्या अहवालात सगळ्यांत स्वच्छ निघत होतं. तिनं कोंडाबाईच्या नमुन्याची मूळ फाइल शोधली. फ्लोराइडसमोर खूण होती.

कीबोर्डवरची बोटं तिनं ओढणीला पुसली. ती स्वच्छच होती, तरी पुन्हा पुसली.

ती उठून आत गेली. “सर, खूण आली की जागा रिकामी धरायची, ती टीप.”

सरांनी फोनवर तळहात ठेवला. “ती आतली गोष्ट आहे. दोनच रेघांवर राहू दे.”

“अहवाल चुकीचा जातो, सर.”

“तूच लिहिलंयस ना ते? मग? जा, सहाच्या आत छापून आण.”

सुकेशनी जागेवर आली. कोडला तिनं हात लावला नाही. टिपेतला एकही शब्द बदलला नाही. दोन रेघांपुढे तिसरी दिली आणि ओळ समासाला लावली.

पुस्तिका एकतीस पानांची झाली. प्रत्येक पानावर सरांचा शिक्का आणि सही लागत असे. फोन खांद्याशी धरून त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली. डाव्या हातानं पान, उजव्या हातानं शिक्का, मग सही.

“सगळं एका रेषेत आलं का?” त्यांनी मान न वळवता विचारलं.

“आलं, सर.”

ती बाहेर येऊन बाकाशी थांबली. “मावशी, उद्या अकराला या. कागद घेऊन या. नातीलाही आणा.”

“ती चारचौघांत तोंड उघडत न्हाई, बाई. हसली तरी हात धरती तोंडावर.”

“तरी आणा.”

आत शिक्क्याचा आवाज एका लयीत चालला होता. ती टीप चौदाव्या पानावर होती, तिथेही तो थांबला नाही. सुकेशनी पानं उचलायला गेली तेव्हा तिथली शाई ओली होती. शिक्का टिपेच्या शेवटी, नेमका तिच्या आद्याक्षरांवर बसला होता. शिक्क्याखालूनही ती स्पष्ट वाचता येत होती.