सोबतीची गोळी

"चिठ्ठी नाही तं जाणं नाही." हिरासिंगनं चहाचा कप आदळला. "तिकडं पोरीचे दिवस भरत आले, अन् ही दवाखान्यात पाय ठेवाले तयार नाही."

मानीबाईनं पन्नी दाबून दोन गोळ्या काढल्या. एक नवऱ्याच्या हातावर ठेवली, एक आपल्या तोंडात टाकली आणि पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला. त्यानं रागातच गोळी गिळली. ती शेळ्यांना पाला टाकायला अंगणात गेली.

हा नेम आठ वर्षांचा होता, तांड्यात आरोग्य शिबिर झालं तेव्हापासूनचा. त्या दिवशी हिरासिंग दंडाचा पट्टा सोडून, आकडा न ऐकताच उठला होता. धडधाकट माणसाला कायले बसवून ठेवता, असं नर्सला सुनावून शेतात निघून गेला होता. मानीबाई मात्र शेवटपर्यंत थांबली आणि गोळ्या घेऊनच घरी आली. आपल्याला बीपी निघाला, म्हणाली. रोज गोळी खायची आहे, पण एकटीला भीती वाटते. तुम्ही खाल तर मी खाईन. हिरासिंग दोन दिवस ओरडला आणि तिसऱ्या दिवशी सोबतीला एक खाऊ लागला. पुढं बोरी अरबच्या मेडिकलमध्ये रिकामी पन्नी दाखवायची आणि नवी आणायची, एवढंच. कागद कधी लागलाच नाही.

आता लागत होता. लेक अंजू जर्मनीहून रोज फोनवर आईला तेच सांगायची. याडी, गोळ्या पन्नीतच राहू दे, डबीत सुट्या भरू नको. मोठ्या बॅगेत नको, हातातल्या पिशवीत ठेव. आणि पासपोर्टवर आहे त्याच नावानं डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी आण. मानीबाईच्या विमानाला नऊ दिवस उरले होते. ती दवाखाना रोज उद्यावर ढकलत होती. आज सकाळी तर तिनं सांगून टाकलं, की मी गोळ्या नेतच नाही. अंजू फोनवर रडली, आणि हिरासिंगचा पारा चढला.

"तिथं जाऊन पडशीन, तं पोरीनं लेकरू सांभाळावं का तुले?"

त्यानं तिला मोटरसायकलवर बसवून दारव्ह्याच्या दवाखान्यात आणलं. तो वाटभर बोलत होता.

डॉक्टरांनी तिच्या दंडाला पट्टा बांधला. एकशेवीस, ऐंशी. पुन्हा मोजलं, तेवढंच. गोळी छान लागू पडलीय, म्हणाले.

"मी चुकूच देत नाही, साहेब," हिरासिंग ऐटीत म्हणाला. "ही भित्री. हिच्यासाठी मी बी रोज एक खाऊन राह्यलो. नाही तं मले कायचा रोग?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. रोग नसताना बीपीची गोळी खायला कुणी सांगितलं? चक्कर येऊन विहिरीत गेला असता तर? सोबत द्यायला ही काय सुपारी आहे?

"तुमची गोळी आजपासून बंद. बाईंना तीन महिन्यांच्या लिहून देतो."

"ऐकलं?" हिरासिंग बायकोवर उखडला. "इतके वर्ष तुझ्यापायी जहर खाल्लं मी."

डॉक्टर लिहू लागले. मानीबाईनं त्यांच्या हाताखालचा कागद ओढला. आता तिचाही आवाज चढला होता.

"त्यायची बंद करू नका, साहेब. बीपी त्यायलेच निघाला होता. मी तं आठ वर्षांत एक बी गोळी गिळली नाही."