बघायचा कार्यक्रम

"हलू नका," एडविन हळूच म्हणाला. "हललात की उडून जाईल."

प्रार्थना हललीच नव्हती. सकाळपासून तिला हेच ऐकवलं जात होतं. चुळबुळ करू नको, मोठ्याने हसू नको, विचारतील तेवढंच बोल. आता त्यात एका पाखराची भर.

समोरच्या ओल्या हिरवळीवर एक काळा-पांढरा पक्षी शेपटी वरखाली करत लगबगीने फिरत होता. धोबी, एडविनने सांगितलं. पावसाळा सरला की लांबच्या थंड मुलखातून येतो. सावेडीच्या या बागेत मुलगी बघायचा कार्यक्रम ठेवला तोही अशा पाखरांपायीच. मुलाला पक्ष्यांचा नाद. घरात पोह्यांची बशी धरून मुका बसतो, बागेत जरा खुलतो, असं त्याच्या आईचं, फिलोमिनाबाईंचं म्हणणं पडलं. मग प्रार्थनाचे पप्पा-मम्मी बेलापूरहून लेकीला घेऊन थेट बागेतच आले. आता दोन्हीकडचे आईबाप मागच्या बाकावर बसले होते. पाठ असली तरी त्यांची नजर प्रार्थनाला मानेवर जाणवत होती.

तिला हे लग्न नको होतं. नाशिकच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती, पुढच्या महिन्यात हजर व्हायचं होतं. "स्थळ जमलं तर नोकरीचं नाव काढायचं नाही," असं पप्पांनी बजावलं होतं. आणि मुलीच्या नकाराला त्यांच्या घरात कुत्रंही विचारत नव्हतं. मागच्या स्थळाला ती नाही म्हणाली, तर मम्मीने अन्न सोडलं. शेवटी प्रार्थनालाच माफी मागून हो म्हणावं लागलं. नशीब, त्या मुलानेच उंचीवरून नाक मुरडलं. आताही सुटायचं तर समोरच्यानेच नाक मुरडायला हवं होतं.

"दुर्बीण देता जरा?" तिने विचारलं.

त्याने दिली. तिने ती डोळ्यांना लावली. निम्मा चेहरा झाकला गेल्यावर तिला धीर आला.

"एक करा ना," ती म्हणाली. "मला नापसंत करा."

झाडाकडे बोट दाखवत, जणू तिकडे काही आहे असं भासवत एडविन म्हणाला, "मी हेच तुम्हाला सांगणार होतो."

त्याचं वेगळंच दुखणं होतं. त्याच्याच शाळेतली सुकन्या नावाची शिक्षिका त्याच्या मनात होती. ती हिंदू घरातली. हे कळल्यापासून आईने मुली दाखवायचा सपाटा लावला होता. दोघींना त्याने नकार दिला. "आता तिसरीला दिलास तर त्या सुकन्याच्या दारात जाऊन तमाशा करीन," असं आईने सांगून ठेवलं होतं. आणि ती बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती.

म्हणजे दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायला दोघंही आले होते आणि खांदा कुणाकडेच नव्हता. प्रार्थनाला रडू यायला लागलं. तिने दुर्बीण आणखी घट्ट दाबून धरली.

"रडू नका, ते बघतायत," एडविन घाबरून म्हणाला. "तिकडे बघा, कडुलिंबावर. काहीतरी काढू मार्ग."

मग मार्ग निघेपर्यंत दोघं बागभर हिंडली. कडुलिंबाखाली थांबली, कुंपणाशी थांबली, बंद पडलेल्या कारंज्याला वळसा घालून परत आली. एकट्याने नकार दिला तर तो अंगावर शेकणार. दोघांनी एकदम दिला तर? पण खोट तर सापडायला हवी.

"मी घोरते म्हणून सांगा."

"मला कसं कळलं म्हणून विचारतील!"

यावर प्रार्थनाला हसू फुटलं. मोठ्याने. सकाळपासूनचं दाबलेलं सगळं त्यात बाहेर पडलं. शेवटी ठरलं. संध्याकाळी घरी गेल्यावर तिने म्हणायचं, दिवसभर झाडाकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या माणसाशी मी संसार कसा करू? आणि त्याने म्हणायचं, हिला पक्ष्यांत काडीचा रस नाही. कुणाचा अपमान नाही, कुणाचा दोष नाही. प्रार्थनाचा जीव भांड्यात पडला. धोबी पुन्हा हिरवळीवर उतरला होता. या खेपेला तिने दुर्बिणीतून त्याला खरोखर पाहिलं, मनासारखं, पोटभर.

दोघं बाकापाशी आली तर पप्पा पेढ्याचा पुडा सोडत होते. फाटकासमोरच्या दुकानातून मधल्या वेळात आणला होता. मम्मी डोळे पुसत होती. एडविनचे वडील फोनवर पास्टरांना साखरपुड्याची तारीख विचारत होते.

"पप्पा, ऐका तरी..." प्रार्थना म्हणाली. तिच्या उघड्या तोंडात त्यांनी अख्खा पेढा कोंबला.

संध्याकाळची वाट बघण्यात आता अर्थ नव्हता. "आई," एडविन घाईघाईने म्हणाला, "हिला पक्ष्यांत काडीचाही रस..."

"गप रं! आमाला काय डोळे न्हाईत व्हय?" फिलोमिनाबाई खुशीत येऊन म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी प्रार्थनाचा चेहरा कुरवाळला. "मागल्या दोघींसंगं धा मिंटं उभा ऱ्हायला न्हाईस. आन् हिच्यासंगं? आरं, एवढा येळ तर तू पाखराकडं पन बघत न्हाईस!"