चहा निवायच्या आत

ट्रस्टच्या बैठकीत वसतिगृहाच्या नव्या गाद्यांचा विषय निघाला आणि मालिनीताई खुर्चीवर शाल ठेवून उठल्या. कोटेशन पाठवणाऱ्या चौघांत त्यांचा मुलगा हेमंतही होता. नात्यातल्या माणसाचा विषय आला की विश्वस्ताने बाहेर जाऊन बसायचं, हा नियम त्यांनीच भांडून करून घेतला होता. करमाफी मिळालेल्या ट्रस्टचा पैसा आपल्याच घरांत फिरायला नको, असं त्या नेहमी म्हणत.

व्हरांड्यातल्या बाकावर मावशींनी त्यांना चहा आणून दिला. मुलाचा कारखाना दिवाळीपासून जवळजवळ बंदच होता. हे काम मिळालं तर पोरगं सावरेल, असं मनात येत होतंच. कपावर फुंकर घालून त्या पहिला घोट घेणार, तोच दार उघडलं.

“या ताई, झालं!” अध्यक्ष हसत म्हणाले. “हेमंतलाच दिलं काम. घरचा माणूस, त्यात बघायचं काय?”

छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. कप घेऊनच त्या आत आल्या. टेबलावर चार पाकिटं होती. हेमंतचं फोडलेलं, बाकीची तीन जशीच्या तशी बंद. आपण उठून गेलो खरं, पण आपली भीड खुर्चीवरच बसून राहिली, हे त्यांना उमगलं.

त्या बसल्या नाहीत.

“माझा चहा अजून निवलेला नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मी तो बाहेर बसून संपवते. तोवर ही तीनही पाकिटं उघडा.”

जाताना त्यांनी खुर्चीवरची शालही उचलून नेली.